पिवळ्या दिव्याची फिर्याद

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि इंजिन सुरू होताच एकेक विझत जातात. एखाद्या सकाळी त्यातला एक विझत नाही. इंजिनाच्या आकाराचा, पिवळसर. गाडी चालते, आवाज नेहमीसारखाच आहे, फार तर चढावर पिकअप कमी वाटतो. अशा वेळी काही जण दिव्याकडे न बघण्याची सवय लावून घेतात. बाकीचे गाडी गॅरेजला नेतात. तिथे स्कॅनर लागतो, ‘सेन्सर गेलाय’ असे कानावर येते, सेन्सर बदलतो, काही हजारांचे बिल होते आणि पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा हजर होतो. यात मेकॅनिकने फसवले असे समजून आपण गॅरेज बदलतो. तिथेही पुन्हा स्कॅनर लागतो.

हे चक्र समजून घ्यायचे तर आधी तो दिवा कोणासाठी लावला गेला हे पाहावे लागेल. तो मुळात मालकाच्या सोयीसाठी आलेला नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, लॉस एंजलिसवर दाटणारे डोळे चुरचुरवणारे धुरके मोटारींच्या आणि तेलउद्योगाच्या वायूंवर ऊन पडून तयार होते. पुढे कॅलिफोर्नियाने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. पण कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी चार वर्षांनीही स्वच्छ आहे की नाही, हे कोण पाहणार? उत्तर निघाले ते असे की, गाडीने स्वतःच पाहावे. १९८८ च्या मॉडेलांपासून तिथे अशी स्वयंतपासणी सक्तीची झाली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींत तिची सुधारित आवृत्ती आली. तिला ‘ओबीडी-२’ म्हणतात, म्हणजे गाडीतच बसवलेली दोषशोधक यंत्रणा.

आपल्याकडे भारत स्टेज-४ मानके एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूरसह १३ शहरांत लागू झाली, तेव्हा या यंत्रणेचा पहिला टप्पा आला. दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक मोटारींत स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचे एक सॉकेट असते. कंपनी कोणतीही असो, सॉकेटचा आकार एकच, आणि धुराशी संबंधित दोषांचे मूळ सांकेतिक क्रमांकही एकच. ही एकवाक्यता कंपन्यांनी आपखुशीने केलेली नाही, कायद्याने करवून घेतली आहे. तिच्यामुळेच हजार-पाचशे रुपयांचा एक अडॅप्टर आणि मोबाइलमधले अ‍ॅप एवढ्यावर घरच्या घरी गाडीचा संगणक वाचता येतो.

यातून एक मर्यादाही निघते. दिवा धुराचा पहारेकरी असल्याने धूर बिघडवणारे दोषच त्याला दिसतात. क्लच झिजला, बेअरिंग वाजू लागले, इंजिनातले ऑइल कमी झाले, तरी तो गप्प राहू शकतो. ऑइलच्या दाबाचा दिवा वेगळा, लाल, तेलाच्या बुधलीसारखा. तो चालत्या गाडीत लागला तर घरी पोहोचण्याचा विचार न करता बाजूला थांबून इंजिन बंद करावे. पिवळ्या दिव्याला दिवस-दोन दिवसांची मुभा असते, या लाल दिव्याला नसते.

आता पहारेकरी पाहतो तरी काय? पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण फार हलले तर सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करत नाही आणि विषारी वायू बाहेर पडतात. म्हणून इंजिनाचा संगणक आत येणारी हवा मोजतो, तेवढ्याला पुरेल इतके पेट्रोल इंजेक्टरमधून सोडतो, आणि धुराच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो की प्रमाण जमले का. पारंपरिक जातीचा हा सेन्सर एका व्होल्टच्या आतच बोलतो. सुमारे ०.९ व्होल्ट म्हणजे पेट्रोल जास्त, ०.१ व्होल्ट म्हणजे हवा जास्त. त्या उत्तराप्रमाणे संगणक सेकंदा-सेकंदाला पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. या कमी-जास्त करण्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. आपण त्याला इंधनाची दुरुस्ती म्हणू.

कणीक मळताना हेच चालते. पाणी अंदाजाने घालतो, हाताला सैल लागली की पीठ भुरभुरतो, घट्ट लागली की पाण्याचा हबका मारतो. चिमूटभर इकडेतिकडे रोजच होते. पण नेहमीच्या मापाने पाणी घालूनही रोज पाव किलो पीठ जास्त लागू लागले तर काहीतरी बिघडले आहे. पिठाचा डबा दमट असेल, वाटी बदलली असेल. हाताला कणीक सैल लागली म्हणजे हातच बिघडला, असा निष्कर्ष मात्र कोणी काढत नाही. मोटारीच्या बाबतीत आपण नेमका तोच काढतो.

सर्वांत बोलका कोड घेऊ: पी०१७१. याचा अर्थ ‘मिश्रण फार विरळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. संगणक पेट्रोल वाढवत गेला, दुरुस्ती २०–२५ टक्क्यांच्या घरात पोहोचली, तरी सेन्सर ‘हवा जास्त’ असेच सांगत राहिला, तेव्हा हा कोड नोंदला जातो. साधारण दहा टक्क्यांच्या आतली दुरुस्ती रोजची मानतात. कोड एवढेच सांगतो की प्रमाण हाताबाहेर गेले. का गेले, हे त्याला माहीत नसते. बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर खरे बोलत असतो, आणि खरे बोलल्याबद्दल बदलला जातो.

विरळ मिश्रणाची कारणे मोजकी आहेत. हवा मोजण्याच्या जागेच्या पुढे एखादा रबरी पाइप फाटला आणि तिथून न मोजलेली हवा आत आली. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसली आणि तो कमी मोजू लागला. पेट्रोलचा पंप थकला किंवा फिल्टर चोंदला. किंवा धुराचा पाइप ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फुटला. या शेवटच्या दोषात पाइपमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती इमानेइतबारे दिसते, आणि संगणक कारण नसताना पेट्रोल ओतत राहतो. चार कारणे, चार वेगळ्या दुरुस्त्या, कोड मात्र एकच.

यातले कोणते, हे शोधायला घरी दहा मिनिटे पुरतात. इंजिन गरम झाल्यावर अ‍ॅपमध्ये इंधनाच्या दुरुस्तीचे आकडे उघडावेत. आधी गाडी नुसती आयडलिंगला ठेवून आकडा पाहावा, मग रेस देऊन फेरे २,५०० च्या आसपास धरून पुन्हा पाहावा. आयडलिंगला आकडा मोठा आणि रेस दिल्यावर तो उतरला, तर फाटक्या पाइपचा संशय घ्यावा. कारण साधे आहे. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवा त्यात मोठा वाटा उचलते. रेस दिल्यावर हवेचा लोंढा वाढतो आणि तीच गळती त्यात विरून जाते. उलट आयडलिंगला सारे ठीक आणि रेस दिल्यावर किंवा चढावर आकडा चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही असे समजावे. मग पंप आणि फिल्टरकडे वळावे.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो न सांगता दिलेला सल्ला अर्धवट ठरतो. सगळ्या गाड्या हवा एकाच रीतीने मोजत नाहीत. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्या हवा थेट मोजण्याऐवजी इंजिनाच्या हवेच्या नळीतला दाब मोजतात आणि त्यावरून हवेचा हिशेब मांडतात. अशा गाडीत पाइप फाटला तर शिरलेली हवा त्या दाबात मोजलीच जाते. तिथे दुरुस्तीचा आकडा फारसा हलत नाही, आयडलिंगचे फेरे मात्र वाढतात. आपली गाडी कोणत्या जातीची, हे अ‍ॅपमध्ये हवेच्या वजनाचा आकडा दिसतो की दाबाचा, यावरून कळते. फाटका पाइप शोधण्यासाठी काही जण कार्ब क्लीनर फवारतात. ते पेट घेणारे द्रव्य आहे, तापल्या इंजिनावर घरी तो प्रयोग नको. कान लावला तर बारीक सुसकारा बहुतेक वेळा ऐकू येतो, आणि संशयित जागेवर साबणाचे पाणी मारले की तो क्षणभर बदलतो.

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे गाडी ‘मिसिंग मारणे’. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल पोहोचत नाही, आणि गाडी झटके देऊ लागते. तीन सिलिंडरच्या गाडीत एक बसला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली, त्यामुळे ते लगेच जाणवते. इथे कोड अधिक नेमके असतात: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. तरीही कॉइल, प्लग, इंजेक्टर की आतला झडपांचा दोष, हे ठरवायचे उरतेच.

इथे घरगुती निदानाची सर्वांत सुंदर युक्ती कामी येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. समजा पी०३०२ आला आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत इंजिन बंद व थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड टिपून ठेवून पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल दोषी. पुन्हा पी०३०२ च आला तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची करावी. प्लग काढलाच आहे तर त्याचे टोक पाहून घ्यावे. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओल म्हणजे ऑइल आत शिरते आहे. पांढरे, भाजल्यासारखे टोक म्हणजे उष्णता जास्त. स्कॅनर येण्याच्या कितीतरी आधी, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात, मिस्त्री लोक इंजिनाची नाडी अशीच पाहत.

मिसिंगच्या वेळी पिवळा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागला, तर मात्र प्रयोग थांबवावेत. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन पेटते आहे, असा त्याचा अर्थ. त्या भांड्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांसारखे महागडे धातू असतात. ते भांडे आतून एकदा वितळले की काहीशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचे नुकसान होते.

अडॅप्टर लावण्याआधी डोळे लावावेत, हे खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवे होते. बॉनेट उघडून पाच मिनिटे नीट पाहिले तरी बरेच काही सापडते. पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा शोधत उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायरिंग कुरतडतात. किनारपट्टीवर, रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत, खारट दमट हवेने कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. एअर फिल्टर बदलताना पाइपची क्लिप सैल राहून गेलेली असते. आणि बॅटरी. साध्या मीटरने मोजल्यावर रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावी, इंजिन चालू असताना साधारण १४. सकाळी १२.२ च दिसली तर ती निम्मी रिकामी आहे. कमी व्होल्टेजवर संगणक गोंधळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम फेकतो. असे झाले की गॅरेजमध्ये पाच-सहा सुट्या भागांची यादी तयार होते. खरी गरज बॅटरीची किंवा बॉडीला जोडलेली अर्थची वायर घट्ट करण्याची असते.

अ‍ॅपमध्ये ‘कोड पुसा’ असे एक बटण असते आणि दाबायला ते फार सोपे असते. बहुतेक दोषांत गाडी एकदाच चूक दिसली म्हणून दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत कोड प्रलंबित ठेवते आणि पुढच्या फेरीत तोच दोष दिसला तर दिवा लावते. त्या वेळी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, भार किती होता, याचे एक चित्र ती गोठवून ठेवते. सलग तीन फेऱ्या दोषाविना गेल्या तर दिवा आपोआप विझतो, तरी कोड स्मरणात बराच काळ राहतो. बटण दाबले की हा सारा पुरावा जातो आणि यंत्रणेच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात. त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचे शहरातले आणि हायवेवरचे मिळून ड्रायव्हिंग लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावे. दिवा विझलेला आहे, पण अ‍ॅपमध्ये बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत आहेत, तर कोड अलीकडेच पुसला गेला आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे. विक्रेत्याला कारण विचारावे.

घरी काय करू नये, तेही थोडक्यात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले कुलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते. डिझेल गाडीत इंजेक्टरच्या नळ्यांमधला दाब दीड हजार बारच्याही वर जातो, तिथली गळती बोटाने चाचपू नये. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलला हात लावू नये. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी कनेक्टिंग रॉड वाकवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.

निदानाचे हे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. धुराचे सामायिक कोड सर्वांना खुले आहेत. कंपनीचे खास कोड, आतल्या चाचण्या आणि नवा भाग बसवल्यावर संगणकाला त्याची ओळख करून देण्याची सोय यांसाठी कंपनीचीच साधने लागतात. ती साधने आणि अस्सल सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू दिले जात नाहीत, या शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला आणि साधने खुली करण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू केले, त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. माहिती एका ठिकाणी येणे चांगलेच. तरी नाक्यावरच्या मेकॅनिकच्या हातात कंपनीच्या तोडीचे साधन रास्त किमतीत पडल्याशिवाय या हक्काला अर्थ नाही.

मात्र सारा दोष कंपन्यांच्या माथी मारून ग्राहकाला सुटता येणार नाही. आपण मेकॅनिकला पैसे कशाचे देतो? भागाचे आणि तो बसवण्याच्या मजुरीचे. त्याने तासभर आकडे पाहिले, पाइप चाचपले आणि शेवटी दोन रुपयांची क्लिप घट्ट केली, तर आपण शंभराची नोट पुढे करतो आणि त्यातही घासाघीस करतो. डॉक्टरच्या तपासणीची फी निमूट देणारा माणूस गाडीच्या तपासणीला ‘नुसते बघितले तर’ म्हणतो. जिथे विचार करण्याचे पैसे मिळत नाहीत तिथे भाग बदलले जातात. त्या मेकॅनिकने पोट तरी कशावर भरावे?

म्हणून आमचे मत असे आहे की, निदान घरी जरूर करावे, दुरुस्ती मात्र जेवढी हाताला झेपेल तेवढीच. ‘दिवा लागलाय, बघा जरा’ असे म्हणून गाडी सोडणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा ‘पी०१७१ आहे, आयडलिंगला दुरुस्ती बावीस टक्के, रेस दिल्यावर पाच’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम चांगला मेकॅनिक अधिक मन लावून करतो, आणि वाईट मेकॅनिक ते टाळतो. दोन्हींत फायदा आपलाच. भाग बदलायला निघाला तर कोणत्या चाचणीवरून तो दोषी ठरला एवढे विचारावे, जुना भाग परत मागावा, आणि चाचणीचे पैसे वेगळे, न कुरकुरता द्यावेत.

अडॅप्टर वापरून झाल्यावर सॉकेटमधून काढून ठेवा. गाडी बंद असतानाही तो बॅटरी खात राहतो. आणि कोड पुसण्याआधी मोबाइलच्या पडद्याचा फोटो घ्या, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.